गोऱ्ह्यांचे फुले झाले, त्याची गोष्ट

भाद्रपद लागला की पेणच्या बाजाराचे रूपच पालटते. गणपतीच्या मूर्तींची लगबग तर असतेच, पण गौरी जवळ आल्या की आणखी एक गर्दी सुरू होते. डोंगरातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरून बायका पहाटेच खाली उतरतात. कोणाच्या डोक्यावर मुळासकट उपटलेल्या तेरड्याच्या जुड्या, कोणाच्या टोपलीत कुर्डू, आघाडा, केना आणि दूर्वा. रोह्यालाही हेच दृश्य. तिथे दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीचा उत्सव येतो आणि रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागतात. फाल्गुनात पळस, वैशाखात मोगरा, पावसाळ्यात सोनचाफा आणि अनंत, भाद्रपदात तेरडा. कोकणातल्या माणसाला महिना कोणता हे कळायला दिनदर्शिका लागत नाही, बाजारातली टोपली पाहिली की पुरते.

अलीकडे शिकलेली मुलेमुलीही या टोपलीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली आहेत. परगावाहून बर्फात घालून आणलेल्या फुलांपेक्षा आपल्याच मातीत, आपल्याच ऋतूत उमललेली फुले विकावीत, त्यासाठी प्रसंगी चालू नोकरी सोडावी, असे कोणाच्या तरी मनात येते. घरातली वडीलधारी मंडळी मात्र धास्तावतात. एवढे शिकून शेवटी हार विकायचे का, हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या शब्दांत विचारला जातोच. फुले सर्वांना हवीत, पण फुले विकणारा आपल्या घरातला नको, अशी ही गंमत आहे.

पेणहून खोपोलीमार्गे बोरघाट चढला की वाट पुण्याला जाते. त्या पुण्यात साधारण दोनशे वर्षांपूर्वी एका कुटुंबाने असाच धंदा बदलला होता. तो इतका मनापासून केला की पिढीजात आडनाव मागे पडले आणि धंद्याचे नाव हेच आडनाव झाले. त्या घरातल्या एका मुलाने ते आडनाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवले. तो मुलगा म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले. महात्मा फुले म्हटले की मुलींची शाळा आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. पण त्यांचे घर फुलांवर जगत होते, आणि या माणसाच्या आयुष्यातले कितीतरी धागे त्या फुलांच्या दुकानाशी जाऊन मिळतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

कटगुण ते पुणे

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले कटगुण. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे जोतीरावांचे पणजोबा गावचे चौगुले होते. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वैर आले, प्रकरण जिवावर बेतले आणि त्यांना गाव सोडावे लागले. पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला त्यांनी बिऱ्हाड थाटले. त्यांचा मुलगा शेटीबा. शेटीबाच्या काळात होते-नव्हते ते गेले आणि पोटासाठी तो पुण्याला आला. राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे त्याचे तीन मुलगे.

पुण्यात आल्यावर या मुलांनी आधी शेळ्यामेंढ्या राखल्या. पुढे फुलांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाने त्यांना हाताशी धरले आणि इथून घराची दिशा बदलली. हा बदल हौसेचा नव्हता. जमीन गेलेली, गाव सुटलेले, ओळखीचे कोणी नाही, अशा वेळी जे काम मिळाले ते त्यांनी धरले. पण धरले ते मात्र घट्ट धरले.

फुलांचे काम दिसायला नाजूक, करायला कष्टाचे. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, म्हणून दिवस उजाडण्याआधी मळ्यात उतरावे लागते. उन्हाळ्यात मोट चालवून पाट फिरवायचे, पावसात झेंडू-शेवंतीच्या मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही, थंडीत शेवंतीचा बहर आला की दिवसरात्र एक करायचे. केळीच्या सोपटाचा दोरा भिजवून ठेवायचा, म्हणजे फूल कापले जात नाही. धान्य उरले तर कणगीत टाकता येते, फूल उरले तर संध्याकाळी ते निर्माल्यच होते. म्हणून माळ्याला ऋतू कळावा लागतो तसे गिऱ्हाइकही कळावे लागते. कोणत्या तिथीला कोणत्या देवाला काय लागते, लग्नसराई कधी, श्रावण कधी, हे सारे पंचांग त्याच्या बोटांवर असते.

त्या काळचे पुणे फुलांच्या धंद्याला अनुकूलही होते. हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग ही नावे आजही शहराच्या नकाशावर आहेत. देवळे पुष्कळ, सण पुष्कळ आणि पेशव्यांचा दरबार. या तीन भावांच्या हातचे हार, गजरे, फुलांच्या गाद्या आणि तक्के यांची कीर्ती पेशव्यांच्या कानावर गेली. त्यांनी खूश होऊन सुमारे ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक या भावांना फुलेवाले म्हणून ओळखू लागले आणि पाहता पाहता गोऱ्हे हे नाव पुसले जाऊन फुले हे आडनाव रूढ झाले. ज्या समाजात माणसाचा धंदा जन्माने ठरे, तिथे धंद्याने माणसाचे नाव ठरल्याचे हे उदाहरण आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. थोरल्या राणोजींनी इनाम जमीन आपल्याकडेच ठेवली आणि धाकट्या दोघा भावांना बाहेर पडावे लागले. गोविंदरावांपुढे पुन्हा शून्य होते. फरक एवढाच की या वेळी हातात कसब होते. त्यांनी फुलांचे आणि भाजीपाल्याचे दुकान चालवले, जोडीला मळा केला आणि संसार उभा केला. जमीन काढून घेता आली, हातातली कला काढून घेता आली नाही. धंदा बदलू पाहणाऱ्या कोणालाही गोविंदरावांचे हे उदाहरण धीर देईल.

दुकान की शाळा?

गोविंदरावांचे लग्न पुण्याजवळच्या झगडे पाटलांच्या चिमणाबाईंशी झाले. त्यांना दोन मुलगे, राजाराम आणि जोती. जोतीचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या उत्सवाचे ते दिवस, म्हणून बाळाचे नाव जोती ठेवले गेले. मूल वर्षाचे होण्याआधीच आई गेली. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाल-विधवेने जोतीला आईच्या मायेने वाढवले.

सातव्या वर्षी जोती मराठी शाळेत जाऊ लागला. मुलगा हुशार निघाला. पण गोविंदरावांच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या ब्राह्मण कारकुनाने त्यांच्या मनात भरवून दिले की माळ्याच्या मुलाला शिक्षण काय कामाचे, शिकला तर तो मळ्याच्या कामातूनही जाईल. गोविंदरावांना ते पटले. १८३८ च्या सुमारास पाटी सुटली आणि जोती खुरपे घेऊन मळ्यात उतरला.

गोविंदरावांना आज दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूनेही पाहायला हवे. ज्या घराने दोनदा सर्वस्व गमावले, त्याला पोटाची हमी देणारा एकच आधार ठाऊक होता, तो म्हणजे मळा. मुलाने तो सोडला तर पुढे काय, ही बापाची धास्ती खोटी नव्हती. फरक एवढाच की त्या वेळी भीती फुले सोडण्याची होती, आज काही घरांत ती फुलांकडे वळण्याची असते. बापाचे काळीज दोन्हीकडे सारखेच.

जोती दिवसा मळ्यात राबे आणि रात्री दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसे. शेजारच्या दोघांच्या हे नजरेतून सुटले नाही. एक उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि दुसरे ख्रिस्ती गृहस्थ लिजिटसाहेब. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये, चौदाव्या वर्षी, जोती स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाला. त्याआधीच, १८४० मध्ये, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या सावित्रीशी त्याचे लग्न झाले होते. १८४७ मध्ये त्याचे शालेय शिक्षण पुरे झाले. त्याच सुमारास थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक त्याच्या हाती पडले.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राने त्याला लग्नाला बोलावले. वरातीत तो इतरांच्या बरोबरीने चालू लागला, तेव्हा काही जणांनी त्याची जात काढून अपमान केला. हा प्रसंग आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला असतो. पण फुलांच्या धंद्याच्या बाजूने पाहिले तर त्यातली बोच आणखी खोल जाते. नवरदेवाच्या गळ्यातला हार, नवरीच्या केसातला गजरा, मुंडावळ्यांतली फुले, ही सारी माळ्याच्याच हातची. त्याने ओवलेला हार देवाला चालत होता, ब्राह्मणाच्या वरातीला चालत होता, फक्त तो ओवणारा माणूस वरातीत चालत नव्हता.

फुलांच्या दुकानातून शाळेत

त्याच वर्षी, १८४८ मध्ये, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकवले होते, त्या शिक्षिका झाल्या. शाळेची कल्पना पक्की झाली ती अहमदनगरला मिस फरार यांची शाळा पाहून. पुण्यात गहजब झाला. शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकली गेली. लोकांच्या दडपणाने गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. १८४९ चे हे साल. वडिलांचा मळा, दुकान, आडनाव मिळवून देणारा धंदा, सारे मागे ठेवून हे दोघे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले.

वडिलांनी आणि चुलत्यांनी पोटासाठी धंदा बदलला होता, मुलाने तो विचारासाठी बदलला. वडील-चुलत्यांना नव्या धंद्याने इनाम मिळवून दिले, मुलाला राहते घर गमवावे लागले. जोतीराव मात्र मागे फिरले नाहीत. शाळा वाढत गेल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारने मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला.

फुले मात्र या घरातून गेली नाहीत. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, त्याचे नावच ‘काव्यफुले’. त्यात पिवळ्या चाफ्यावर कविता आहे, जाईवर आहे, गुलाबावर आहे. ही बागेतून फिरता फिरता लांबून पाहिलेली फुले नव्हेत. माळ्याच्या घरात नांदलेल्या बाईची ती ओळखीची फुले आहेत. शिकलेल्या बाईने लेखणी हाती घेतली तेव्हा आधी आठवली ती अंगणातली जाई, यात नवल नाही.

पोटाचा धंदा, समाजाचे काम

शाळा चालवून पोट भरत नाही, हे जोतीरावांना चांगले ठाऊक होते. देणग्यांवर जगायचे नाही असा त्यांचा बाणा. म्हणून त्यांनी पुन्हा व्यवसाय केला आणि तोही एक नव्हे. धातूचे ओतकाम करणाऱ्यांना लागणारे साचे विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याचे धरण बांधले जात असताना त्यांनी तिथे माल पुरवला. मांजरीला बागायत केली. पुस्तके छापली आणि विकली. समाजसुधारक म्हटला की झोळी घेतलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. हा माणूस मात्र चोख हिशेब ठेवणारा व्यावसायिक होता आणि मिळकतीतला मोठा वाटा समाजकार्यात घालत होता. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे जन्मलेला यशवंत हा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला त्या पद्धतीने पहिले लग्न लागले. भटजी नाही, हुंडा नाही, कर्ज काढून केलेला थाट नाही. वधूवरांनी एकमेकांना वचने द्यायची आणि माळा घालायच्या. पानसुपारीच्या खर्चात लग्न पार पडले. मुलीच्या लग्नापायी जमीन गहाण टाकणारा शेतकरी जोतीरावांनी पाहिला होता, म्हणून हा आग्रह.

त्याच शेतकऱ्यासाठी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. १८८३ मध्ये ते पुरे झाले. सरकारी अंमलदार, सावकार आणि भिक्षुकशाही यांच्यावरचा त्यातला हल्ला सर्वांना माहीत असतो. पण त्यातला शेतीचा भाग माळ्याच्या मुलानेच लिहावा असा आहे. पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून ताली-बंधारे घाला, डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळ्याचा गाळ शिवारात अडवा, शेतकऱ्याला विहिरींचे पाणी द्या, जनावरे सुधारा, शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या पिकांना बक्षिसे द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातल्या शेतीशाळा पाहू द्या. जंगल खात्याने गायराने घेतल्यामुळे शेळ्यामेंढ्या चारायची सोय गेली, ही तक्रारही त्यात आहे. ज्या घराने पुण्यात पहिल्यांदा शेळ्याच राखल्या, त्या घरातल्या माणसाला ही तक्रार पुस्तकातून समजून घ्यावी लागली नव्हती.

१८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पैसे खर्च करायला सभागृहात त्यांनी एकट्याने विरोध केला. मंडईची भव्य इमारत बांधण्याचे घाटत होते, तेव्हाही त्यांनी हा पैसा शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. स्वतः फुलेभाजीचा धंदा केलेला माणूस मंडईच्या इमारतीला विरोध करतो, हे वरवर चमत्कारिक वाटेल. पण कमानी आणि मनोऱ्यांनी भाजी विकणारीच्या मुलाला अक्षरओळख होत नाही, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. इमारत झाली, १८८६ मध्ये ती रे मार्केट म्हणून सुरू झाली. पुढे पुणेकरांनी तिला नाव दिले ते महात्मा फुले मंडई. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव मिळाले. माळ्याच्या मुलाच्या नावाने महाराष्ट्रातल्या दोन सर्वांत गाजलेल्या मंडया ओळखल्या जाव्यात, यात इतिहासाने थोडी गंमत केली आणि थोडा न्यायही.

फुले कोणासाठी?

१८८८ साल त्यांच्या आयुष्यात मोठे ठरले. मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात समारंभ झाला. जडजवाहीर ल्यालेल्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि राणीचा मुलगा समोर असताना खरा हिंदुस्थान खेड्यात राहतो, हे त्यांनी ऐकवले. ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत विठ्ठलराव वंडेकर यांच्या पुढाकाराने त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली. जुलैमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे शेवटचे पुस्तक पुरे केले. ते त्यांच्या मागे, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पुस्तकात पूजेचा विषय निघतो तेव्हा हा फुलांच्या घरचा माणूस फुलांविषयी विचार मांडतो. निर्मिकाने फुले माणसांच्या सुखासाठी निर्माण केली, मग त्यानेच दिलेली वस्तू त्यालाच परत वाहण्यात काय अर्थ, असा त्याचा रोख आहे. देवळांना आणि दरबाराला फुले पुरवून ज्या घराने भाकरी मिळवली, त्याच घरातला मुलगा अखेरीस फुलांचा मानकरी माणूस ठरवतो. सर्वांना हा विचार पटेलच असे नाही. पण घरच्या धंद्याच्या मुळाशी जाऊन असा प्रश्न विचारायला धैर्य लागते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. आपल्याला मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि घरामागे खड्डाही तयार होता. नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन झाले, सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. अस्थी मात्र घरामागच्या त्या जागेतच आणून ठेवल्या. पुढे १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या.

कटगुणच्या चौगुल्यांपासून जोतीरावांपर्यंत या घराने किती धंदे पाहिले ते मोजून पाहावे. वतन, शेती, शेळ्या, फुले, भाजी, शाळा, कंत्राटे, ग्रंथ. त्यातले काही नाइलाजाने धरले, काही समजून उमजून. जोतीरावांची सारी धडपड थोडक्यात सांगायची तर हा बदल नाइलाजाने करावा लागू नये, प्रत्येकाला तो आपल्या बुद्धीने करता यावा, यासाठीच होती. माळ्याच्या मुलाने शिक्षक व्हावे, तसेच शिकलेल्या मुलीला वाटले तर तिने फुलांचा मळा करावा. दोहोंत कमीजास्त काही नाही.

पेण-रोह्याच्या एखाद्या घरात अशी चर्चा चालू असेल तर वडीलधाऱ्यांनी काळजी जरूर करावी. मळ्याला पाणी किती, बहर किती दिवसांचा, उरलेल्या फुलांचे काय, गिऱ्हाईक कोण, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. गोविंदरावांनीही ते विचारले असते. तेरड्याचा रंग तीन दिवस असतो, हे धंद्यात उतरणाऱ्याला माहीत असायलाच हवे. फक्त फुले विकणे हलके म्हणून नको, एवढे एक कारण पुढे करू नये. ज्या नावापुढे आपण आज हात जोडतो, ते नाव त्याच कामाने मिळाले आहे.